नाव बदलले, पत्त्याचे काय? वेबपत्ता वाचण्याची आणि दुवा जोडण्याची रीत

प्रतिनिधी, धाराशिव

येथील रेल्वे स्थानकावरील 'उस्मानाबाद' ही पाटी २०२५ मध्ये उतरली आणि तिच्या जागी 'धाराशिव' आले. त्याच वेळी आणखी एक बदल झाला. तो फलाटावरून दिसत नाही. रेल्वेच्या यंत्रणेत या स्थानकाचा 'यूएमडी' हा जुना संकेत गेला आणि 'डीआरएसव्ही' हा नवा आला. प्रवासी पाटी वाचतो, तिकीट देणारा संगणक मात्र संकेत वाचतो. पाटी नवी आणि संकेत जुना असता तरी तिकीट निघाले असते. संकेत बदलला आणि संगणकाला ते कळवलेच नसते, तर पाटी कितीही सुबक असूनही प्रवासी खिडकीवर ताटकळत राहिला असता.

संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या निळ्या, अधोरेखित शब्दांचे, म्हणजेच हायपरलिंकचे अथवा दुव्याचे, नेमके असेच आहे. वाचकाला दिसतात ते शब्द म्हणजे पाटी. त्याखाली दडलेला वेबपत्ता म्हणजे संकेत. या दोहोंचा परस्परांशी काहीही संबंध असावा लागत नाही. दुव्याची सारी सोय या एका गोष्टीत आहे आणि त्याचा सारा धोकाही.

नामांतरामुळे धाराशिव जिल्ह्याला याचा अनुभव जरा लवकर आला. उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने २९ जून २०२२ रोजी नामांतराचा निर्णय घेतला, त्यानंतर आलेल्या एकनाथ शिंदे सरकारने जुलै २०२२ मध्ये तो नव्याने घेतला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शहराच्या नावाला केंद्राची संमती मिळाली, तर सप्टेंबर २०२३ मध्ये जिल्हा आणि तालुक्याच्या नावाच्या अधिसूचना निघाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये विरोधातील याचिका फेटाळल्या. कागदोपत्री नाव बदलण्यास दोन वर्षे लागली. परंतु त्याआधीच्या वीसेक वर्षांत शाळा, संस्था, बँका, महाविद्यालये आणि शासकीय कार्यालये यांनी आपापल्या पानांवर जोडलेले दुवे कोणत्याही अधिसूचनेने बदलत नाहीत. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळाचा पत्ता पूर्वी 'उस्मानाबाद' या शब्दाने सुरू होत असे. आता तो 'धाराशिव डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' असा आहे. एखाद्या पानावर दुव्याचे शब्द 'धाराशिव जिल्हा प्रशासन' असे दुरुस्त केले आणि त्याखालचा जुना पत्ता तसाच ठेवला, तर काम निम्मेच झाले. ते निम्मे काम डोळ्यांना पूर्ण दिसते, हीच अडचण.

गंमत अशी, की काही पत्ते या सगळ्या धामधुमीत जागचे हललेही नाहीत. शहराचा पिनकोड ४१३५०१ होता, आजही तोच आहे. दूरध्वनीचा ०२४७२ हा संकेत आणि वाहनांवरचा एमएच-२५ यांचेही तसेच. कारण त्यांत गावाचे नाव नव्हतेच. वेबपत्ता कशाचा बनवावा, याचा विचार करणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पत्ता उजवीकडून वाचावा

वेबपत्ता वाचण्याची सवय फारच थोड्यांना असते. बहुतेक जण शोधयंत्रात शब्द टाकतात आणि वरचा दुवा दाबतात. पत्त्याच्या पट्टीकडे कोणी पाहत नाही. प्रत्यक्षात ती वाचणे टपालाचा पत्ता वाचण्याइतकेच सोपे आहे.

शेतकऱ्यांच्या परिचयाचा, सातबारा पाहण्याचा पत्ता घेऊ: 'भूलेख डॉट महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन'. (हे सारे पत्ते रोमन लिपीत टंकित करायचे असतात, येथे ते उच्चाराप्रमाणे दिले आहेत.) पाकिटावरचा पत्ता आपण कसा लिहितो? आधी माणसाचे नाव, मग गल्ली, गाव, तालुका, जिल्हा; लहानाकडून मोठ्याकडे. वेबपत्त्याचा हा भाग तसाच चालतो. टपाल खाते मात्र पाकीट उलटे, म्हणजे शेवटाकडून वाचते, आणि संगणकही तसेच करतो. सर्वांत उजवीकडचे 'इन' म्हणजे भारत. त्याआधीचे 'जीओव्ही' ही सरकारी यंत्रणांसाठी राखलेली जागा; ती कोणा खासगी व्यक्तीला विकत मिळत नाही. त्याआधीचे 'महाभूमी' हे राज्याच्या भूमी अभिलेखांचे नाव, आणि 'भूलेख' ही त्यातील एक खोली.

येथे एक मेख आहे. एकदा एखादे नाव नोंदवून घेतले, की त्याच्या डावीकडे काय लिहायचे हे सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर असते. घर एकदा आपले झाले, की आतल्या खोलीला 'जिल्हाधिकारी कक्ष' असे नाव देण्यापासून कोणी अडवत नाही. म्हणूनच 'महाभूमी डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम' असा पत्ता कोणालाही तयार करता येतो. वरवर पाहता त्यात 'महाभूमी' आहे, 'जीओव्ही' आहे, 'इन'ही आहे. पण तो पत्ता शासनाचा नाही, 'अमुक'चा आहे. 'महाभूमी' आणि 'जीओव्ही' यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ टाकून केलेली नावेही याच जातीची. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर लांब पत्त्याची डावी बाजू तेवढी दिसते आणि शेपूट कापले जाते, हे फसवणाऱ्यांना पुरते ठाऊक असते.

त्यामुळे ओळखण्याची रीत एकच. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, ती शोधावी आणि तिच्या लगतचे डावीकडचे शब्द पाहावेत. पत्त्यात अशी रेघ नसेलच, तर पत्त्याचा शेवट पाहावा. सरकारी काम असेल तर तेथे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असायला हवे. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीच्या वेळी २०२५ मध्ये बनावट संकेतस्थळे पुढे आल्याच्या बातम्या होत्या. त्या योजनेचे अधिकृत संकेतस्थळ 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' या शेपटाचे आहे. आधार क्रमांक टाकण्यापूर्वी नजर तेथे गेली, तरी बरेच काही टळते.

आरंभीच्या 'एचटीटीपीएस' या अक्षरांविषयी मात्र गैरसमज पुष्कळ आहेत. शेवटच्या 'एस'चा अर्थ इतकाच, की तुमचा संगणक आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यातील मजकूर वाटेत कोणाला वाचता येणार नाही. पलीकडे बसलेला प्रामाणिक आहे, असे ते सांगत नाही. कुलूप चोरालाही विकत मिळते. पत्त्याशेजारी दिसणारे कुलपाचे चिन्ह लोकांना नको इतका धीर देते, हे पाहून गुगलने क्रोम ब्राऊजरमधून ते २०२३ मध्ये काढून टाकले. राहता राहिल्या त्या दोन तिरप्या रेघा. वर्ल्ड वाइड वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००९ मध्ये सांगून टाकले, की त्यांची खरे तर काही गरज नव्हती. तोवर साऱ्या जगाने त्या किती वेळा टंकित केल्या असतील, कोण जाणे!

एकट्या तिरप्या रेघेनंतर पत्त्याची दिशा उलटते. तेथून पुढे मोठ्याकडून लहानाकडे जायचे असते. सातबारा शोधताना आधी विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी गट क्रमांक निवडतात, तसेच. 'तालुके', रेघ, 'परंडा', रेघ, 'किल्ला' अशी ती मांडणी असते. पुढे प्रश्नचिन्ह आले, तर त्यानंतरचा भाग म्हणजे सर्व्हरला दिलेली विशेष सूचना, आणि 'हॅश'ची खूण आली, तर त्याच पानातील एखादा विशिष्ट परिच्छेद. आणखी एक बारकावा: पहिल्या एकट्या रेघेपर्यंत मोठी लिपी आणि छोटी लिपी यांत फरक नसतो, त्यानंतर मात्र अनेक सर्व्हर तो फरक करतात.

ओमेर्गा की उमरगा?

मराठी माणसाचा खरा गोंधळ होतो तो रोमन स्पेलिंगपाशी. संगणकाला जवळपासचे उत्तर चालत नाही. अक्षर न् अक्षर जुळावे लागते. आपल्या गावांची रोमन रूपे मात्र कधी एक नव्हतीच. धाराशिव जिल्ह्यातील आठ तालुक्यांकडे पाहिले तरी पुरे. 'उमरगा' जुन्या सरकारी इंग्रजीत 'ओमेर्गा' असा लिहिला गेला आणि आजही दोन्ही रूपे चालतात. 'कळंब' कागदांवर 'कल्लम' होतो, कारण रोमन लिपीत 'ळ'ला अक्षरच नाही. शिवाय कळंब नावाचे तालुक्याचे ठिकाण यवतमाळ जिल्ह्यातही आहे. 'भूम'मधला दीर्घ ऊकार कोणी दोन 'ओ' लिहून दाखवतो, कोणी एका 'यू'वर भागवतो. 'वाशी' डब्ल्यूने लिहिली तर धाराशिवची आणि व्हीने लिहिली तर नवी मुंबईची, असा एक अलिखित समज आहे. संगणकाला तो माहीत नाही. खुद्द 'धाराशिव' लिहिताना शेवटी 'ए' घालणारे आणि न घालणारे, असे दोन पंथ आहेतच.

यावर उपाय म्हणून पत्ताच देवनागरीत का नसावा, असा प्रश्न साहजिक आहे. तशी सोय आहे. 'डॉट भारत' हे देवनागरी शेपूट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले आणि त्यात मराठीचाही समावेश आहे. परंतु यंत्रणेच्या पोटात आजही रोमन अक्षरे आणि अंकच चालतात. 'भारत' हा शब्द तेथे 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या एका अगम्य संकेतात बदलून जातो. तिरप्या रेघेनंतरच्या देवनागरीची तर याहून वेगळी गत होते. मराठी विकिपीडियावरील धाराशिवच्या पानाचा पत्ता पट्टीतून उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवला, की पुष्कळदा 'टक्का, ई, शून्य, टक्का, ए, चार' अशी माळ उमटते. ते बिघडलेले काही नसते. काना-वेलांटी धरून 'धाराशिव' या शब्दात सात चिन्हे आहेत. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी दाखवला जातो. सात त्रिक एकवीस, एकवीस त्रिक त्रेसष्ट! चार अक्षरांच्या गावाला ६३ अक्षरे. दुवा त्यानेही नीट उघडतो. तो वाचता मात्र येत नाही, आणि न वाचता येणाऱ्या पत्त्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न उरतो. तूर्त तरी सरकारी आणि शालेय पानांनी पत्त्यात साधी, छोट्या लिपीतील रोमन अक्षरे आणि अंक वापरावेत, पानावर मात्र स्वच्छ मराठी लिहावे, हेच व्यवहार्य दिसते.

पाटी आणि संकेत जोडताना

पानावर दुवा जोडणे ही क्रिया अर्ध्या मिनिटाची आहे. वर्डप्रेस असो, गुगल डॉक्स असो वा मायक्रोसॉफ्ट वर्ड, पद्धत जवळपास एकच. जे शब्द दुवा व्हावेत असे वाटते, ते माउसने निवडावेत, 'कंट्रोल' आणि 'के' या कळा एकत्र दाबाव्यात, उघडलेल्या चौकटीत पत्ता चिकटवावा आणि 'एंटर' करावे. चौकटीच्या पडद्याआड संगणक 'ए' नावाची एक खूण आणि तिच्या पोटात 'एचरेफ' या शब्दापुढे तो पत्ता लिहून ठेवतो. पत्ता हाताने टंकित करण्यापेक्षा ते पान ब्राऊजरमध्ये उघडून पट्टीतून उचललेला बरा. स्पेलिंगचा वर सांगितलेला सारा घोळ त्यामुळे टळतो.

चुका होतात त्या या अर्ध्या मिनिटात. सर्वांत जास्त आढळणारी चूक संगणकाच्या 'सी ड्राइव्ह'ची. शाळेतील शिक्षक तेर येथील लामतुरे संग्रहालयाच्या सहलीचे पान तयार करतात, आपल्याच संगणकावरचे वेळापत्रक दुव्याने जोडतात, दाबून पाहतात, ते उघडते. पालकांच्या मोबाइलवर मात्र काहीच उघडत नाही, कारण त्या दुव्याखाली शाळेतल्या संगणकाच्या कपाटाचा पत्ता आहे. फाइल आधी संकेतस्थळावर चढवावी लागते आणि तेथे मिळालेला पत्ता दुव्याला द्यावा लागतो. म्हणून दुवा तपासायचा तो दुसऱ्याच्या यंत्रावर.

दुसरी चूक सुरुवातीचे 'एचटीटीपीएस' गाळण्याची. पट्टीत ते न लिहिले तरी ब्राऊजर समजून घेतो. हाताने लिहिलेल्या पानात मात्र त्यावाचूनचा पत्ता आपल्याच संकेतस्थळातील एखादी फाइल समजला जातो, आणि मग जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ शाळेच्या आवारात शोधले जाते. स्वतःच्या संकेतस्थळातील पानांना असे आखूड पत्ते मुद्दाम देतात आणि ते योग्यही असते. संकेतस्थळाचे मूळ नाव उद्या बदलले तरी आतले दुवे तुटत नाहीत. धाराशिवकरांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

तिसरी अडचण खास मराठीची आहे. इंग्रजीत पत्त्यानंतर जागा सुटते. मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटते: '...जीओव्ही डॉट इनवर अर्ज करावा'. पत्ता आपोआप ओळखून त्याचा दुवा करणारी काही साधने 'इन'पाशी थांबत नाहीत. 'वर'सुद्धा पत्त्यात ओढून घेतात. वाक्याच्या शेवटचा पूर्णविरामही कधी असाच आत शिरतो. पत्ता उघडा लिहायचाच असेल, तर प्रत्ययापूर्वी जागा सोडावी किंवा 'या संकेतस्थळावर' असे पुढे जोडावे. व्याकरणाच्या शिक्षकांना ते रुचणार नाही. दुवा मात्र उघडेल.

उघडा पत्ता लिहिण्याची वेळ येऊ नये, हे अधिक चांगले. दुव्याचे शब्द असे हवेत, की ते एकटे वाचले तरी पलीकडे काय आहे ते कळावे. 'येथे क्लिक करा' हा मराठी संकेतस्थळांवरचा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी दुवा म्हणता येईल. दृष्टिहीन व्यक्ती पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. त्यात पानावरील सर्व दुव्यांची यादी एकत्र ऐकता येते. दहा दुव्यांना एकच नाव दिलेले असेल, तर त्यांना ऐकू येते ते 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा, येथे क्लिक करा'. त्याऐवजी 'नळदुर्ग किल्ल्याकडे जाणारा मार्ग' किंवा 'पीक विम्याचा अर्ज' असे लिहिण्यास कितीसे श्रम पडतात? पीडीएफ उघडणार असेल, तर तेही शब्दांत सांगावे.

आणखी एक. संकेतस्थळावर ओळखपत्र देऊन आत गेल्यानंतरचे पान पुष्कळ जण दुव्यासाठी निवडतात. तो पत्ता त्या माणसाच्या त्या वेळच्या भेटीपुरता असतो. दुसऱ्याला तो उघडत नाही, अथवा क्वचित प्रसंगी उघडला तर ते त्याहून वाईट. काही संकेतस्थळांवर जिल्हा, गाव, गट क्रमांक असे सारे निवडूनही पट्टीतील पत्ता मुळी बदलतच नाही. तेथे मुखपृष्ठाचाच दुवा द्यावा आणि पुढची वाट शब्दांत लिहावी.

जुन्या पत्त्यांचे काय?

नाव बदलले म्हणून पत्ता बदलणे अटळच असते का? बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात पत्ता कधीही बदलू नये अशी जवळजवळ आग्रहाची भूमिका मांडली होती. पत्ता करतानाच त्यात बदलू शकणारे काही ठेवू नये, असे त्यांचे सांगणे. शासनाला आणि संस्थांना हे नेहमी साधत नाही. पण पत्ता बदलणे भागच असेल, तर जुन्याला नव्याकडे वळवण्याची सोय फार पूर्वीपासून आहे. '३०१' या क्रमांकाची सूचना जुन्या सर्व्हरवर ठेवली, की तेथे येणारा प्रत्येक जण आपसूक नव्या पत्त्यावर पोहोचतो. टपाल खात्याला नवा पत्ता कळवून ठेवावा, तसेच. विकिपीडियावर एखाद्या लेखाचे नाव बदलले, की जुन्या नावाचे पुनर्निर्देशन सहसा तसेच मागे ठेवले जाते. मात्र मुखपृष्ठ तेवढे वळवून आतली शेकडो पाने वाऱ्यावर सोडली, तर वाचकाच्या पदरी '४०४' हाच आकडा पडतो, आणि योजनेच्या परिपत्रकाचा दुवा बहुतेक वेळा आतल्याच पानाचा असतो.

जुने नाव सोडून देण्यात याहून मोठा धोका आहे. सरकारी शेपटाचा पत्ता बाहेरच्याला मिळत नाही. परंतु खासगी संस्थेने, शाळेने किंवा मंडळाने घेतलेले 'डॉट कॉम' अथवा 'डॉट ओआरजी' नाव वार्षिक शुल्क न भरल्यास मोकळे होते आणि कोणीही ते घेऊ शकतो. इतरांच्या पानांवरील जुने दुवे मग अनोळखी माणसाच्या दारात जाऊन उभे राहतात. पाटी मात्र अजूनही शाळेचीच असते. नाव बदललेल्या संस्थेने म्हणूनच जुना पत्ता काही वर्षे तरी शुल्क भरून ताब्यात ठेवावा. तो खर्च वाचवण्याचा मोह महागात पडतो.

हा प्रश्न धाराशिवपुरता राहिलेला नाही. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या शेपटाखाली नेण्यास सांगण्यात आले. त्यात सहकारी बँकाही आल्या. हे नाव बँकांनाच मिळत असल्याने खऱ्या-खोट्याची पारख सोपी होते. पण पतसंस्थांची पाने, सोसायट्यांची परिपत्रके, महाविद्यालयांच्या शुल्क भरण्याच्या सूचना यांतील बँकांचे जुने दुवे एकेक करून तपासावे लागणार आहेत, आणि छापील फलकांवरचे क्यूआर कोडही. क्यूआर कोड हादेखील दुवाच असतो. फरक इतकाच, की त्यातील पत्ता डोळ्यांनी वाचता येत नाही आणि एकदा छापला की दुरुस्त करता येत नाही. मोबाइलवर तो उघडण्यापूर्वी क्षणभर दिसणारा पत्ता वाचण्याची सवय लावून घ्यावी. व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्याचेही तसेच. वरचे चित्र आणि मथळा पाठवणाऱ्याच्या सोयीचा असू शकतो, खालचा पत्ता तेवढा पाहायचा.

आणि दुवा तुटलाच, पान कोठेही सापडेना, तर एक वाट शिल्लक असते. इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील ना-नफा संस्था १९९६ पासून जगभरातील वेबपानांच्या प्रती साठवत आली आहे. 'वेबॅक मशीन' या नावाने २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. साऱ्या पानांच्या प्रती तेथे असतील असे नाही, परंतु जुनी परिपत्रके, पदभरतीच्या जाहिराती, निकाल यांपैकी पुष्कळ काही हाती लागते. तेथे शोध घेताना मात्र पान ज्या काळात होते, त्या काळचाच पत्ता टंकित करावा लागतो; नामांतरापूर्वीचे जिल्ह्याचे पान हवे असेल, तर 'उस्मानाबाद' हेच नाव लिहावे लागते.